बारा भागांची मैत्री

परवा मावसभावाशी फोनवर बोलताना 'द ओल्ड गाइज'चा विषय निघाला. तो स्विंडनला असतो. (स्विंडनमध्ये आता इतके गोंयकार झाले आहेत की तिथल्या रस्त्यावर कोकणी कानी पडली तर कुणी मान वळवूनही पाहत नाही म्हणे.) काही वर्षांपूर्वी तो चवथीला आला होता तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर आम्ही दोघांनी ही मालिका पाहिली होती. एकूण बारा भाग, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा. विसर्जन झाल्यावर, उरलेल्या नेवऱ्या खात, दोन रात्रींत संपूर्ण मालिका आटोपली. आणि मग बरेच दिवस ती डोक्यातून जाईना.

विनोदी मालिका म्हणून ती काही थोर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पण एखादी गोष्ट पुरती जमली नाही की तिच्याकडून जास्त शिकायला मिळतं, तसं काहीसं या मालिकेचं आहे.

गोष्ट साधी. रॉय नावाचा एक निवृत्त गृहस्थ. त्याची बायको बार्बरा त्याला सोडून जाते आणि त्याच्या घरात टॉम नावाचा दुसरा म्हातारा राहायला येतो. रॉय जरा टापटिपीचा, टॉम गबाळा. दोघे दिवसभर एकमेकांच्या खोड्या काढत, कुरकुरत घरात बसलेले. समोरच्या घरात सॅली नावाची बाई राहते, तिच्यावर दोघांचाही डोळा. मधूनमधून टॉमची मुलगी अँबर येऊन आपली संकटं त्यांच्या गळ्यात टाकते. बस्स, इतकंच.

बीबीसी वनवर ३१ जानेवारी २००९ रोजी, शनिवारी रात्री, ही मालिका सुरू झाली. टॉमच्या भूमिकेत रॉजर लॉइड-पॅक होता. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'मधला मठ्ठ ट्रिगर म्हणून इंग्लंडातलं शेंबडं पोरही त्याला ओळखत असे. रॉय झाला होता क्लाइव्ह स्विफ्ट. 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मध्ये त्या प्रतिष्ठेनं पछाडलेल्या हायसिंथबाईंचा सोशिक नवरा रिचर्ड, तोच हा. गंमत म्हणजे लॉइड-पॅकचा जन्म १९४४ सालच्या ८ फेब्रुवारीचा आणि स्विफ्टचा १९३६ सालच्या ९ फेब्रुवारीचा. म्हणजे मालिका सुरू झाल्याच्या पुढच्याच आठवड्यात, लागोपाठच्या दोन दिवशी, एकानं पासष्ट पुरी केली आणि दुसऱ्यानं त्र्याहत्तर. सॅलीचं काम जेन अ‍ॅशरनं केलं होतं. साठच्या दशकात पॉल मॅकार्टनीशी जिचा साखरपुडा झाला होता, तीच ही. आमच्या पिढीतल्या बीटल्सवेड्यांना तिचं नाव वेगळं सांगायला नको.

२००९ साली सहा भाग झाले, २०१० साली सहा. मग मालिका बंद.

आता इथं मला एक योगायोग दिसतो, आणि खरं तर त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. ज्या २०१० च्या उन्हाळ्यात, ज्या बीबीसी वनवर, या दोन म्हाताऱ्यांनी गाशा गुंडाळला, त्याच उन्हाळ्यात त्याच वाहिनीवर म्हाताऱ्यांच्याच मैत्रीची आणखी एक मालिका संपली. 'लास्ट ऑफ द समर वाइन'. तिचा शेवटचा भाग २९ ऑगस्ट २०१० रोजी दाखवला गेला. पहिला दाखवला होता १९७३ च्या जानेवारीत. सदतीस वर्षं, एकूण २९५ भाग. एका मालिकेचे २९५ आणि दुसरीचे बारा. दोन्हींत म्हातारे, दोन्हींत मैत्री, दोन्हींत हशा. मग एकीला सदतीस वर्षांचं आयुष्य आणि दुसरी बाल्यातच का गेली?

'समर वाइन' यॉर्कशायरमधल्या होमफर्थ गावात घडते. सगळेच्या सगळे २९५ भाग रॉय क्लार्क नावाच्या एकाच माणसानं लिहिले. हा गृहस्थ आधी पोलिसात होता, शिक्षकीही केली होती. मालिका सुरू झाली तेव्हा तो बेचाळीस-त्रेचाळीसचा होता, संपली तेव्हा ऐंशीचा. म्हाताऱ्यांवर लिहितालिहिता स्वतःच म्हातारा झालेला लेखक! (योगायोगांची रांग संपत नाही. क्लाइव्ह स्विफ्टला घराघरांत पोचवणारी 'कीपिंग अप अपिअरन्सेस' ही मालिकाही याच क्लार्कनं लिहिलेली.)

तीन म्हाताऱ्यांवर विनोदी मालिका लिही असं क्लार्कला सांगितलं गेलं तेव्हा त्याला ते जमेल असं वाटलं नव्हतं. मग त्याला एक युक्ती सुचली. या तिघांना बायका-संसार, नोकरी, जबाबदारी यांतलं काहीच ठेवायचं नाही. एक विधुर, एक बायकोपासून वेगळा झालेला, एक ब्रह्मचारी. पाश तुटले की म्हातारा पुन्हा पोर होतो. तसे हे तिघे, क्लेग, कॉम्पो आणि ब्लॅमायर, दिवसभर डोंगरउतारांवर उंडारत, दगडी कुंपणांवर बसून गप्पा हाणत. पुढे पुढे तर चाकं लावलेल्या कसल्याही वस्तूत कॉम्पोला बसवून ती टेकडीवरून सोडून द्यायची, हा मालिकेचा ठरलेला प्रकार झाला. आपल्याकडे पोरं शेतातून टायर पळवतात, तसेच हे. फक्त वय सत्तरीचं.

इथं जरा विषयांतर. पहिला ब्लॅमायर म्हणजे मायकेल बेट्स. हा जन्मला आपल्या झाशीत, १९२० साली. हो, नेवाळकरांच्या झाशीत, जिथं मराठी घराणी अठराव्या शतकापासून नांदत आली. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रह्मदेशात गुरख्यांच्या पलटणीत अधिकारी होता, आणि उर्दू अस्खलित बोलायचा. याच बेट्सनं नंतर 'इट एन्ट हाफ हॉट मम'मध्ये तोंडाला रंग फासून रंगी राम नावाचा भारतीय बेअरर उभा केला. त्या सोंगाबद्दल आज जे बोललं जातं ते बरोबरच आहे. पण झाशीत जन्मलेला साहेब यॉर्कशायरच्या टेकडीवर तीन म्हाताऱ्यांतला एक होऊन बसतो, ही गोष्ट मला सोडवेना म्हणून सांगितली. बेट्स पक्का हुजूरपक्षाचा, आणि कॉम्पो झालेला बिल ओवेन तितकाच पक्का मजूरपक्षाचा. सुरुवातीला दोघांची राजकारणावरून चांगलीच जुंपायची. तिसरा, पीटर सॅलिस, मध्ये बसून ऐकायचा. म्हणजे पडद्यामागेही तिठ्यावरचा अड्डा होताच! पुढं आजारपणामुळे बेट्सनं मालिका सोडली आणि १९७८ च्या जानेवारीत तो वारला. त्याच्या जागी आधीच दुसरा तिसरा आला होता. मग तिसरा, मग चौथा. अड्ड्यावरची एक जागा रिकामी झाली की कुणीतरी येऊन बसतं, गप्पा चालू राहतात. मालिकेनं हे फार सहज दाखवलं.

तर मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्रजांच्या टीव्हीवर म्हातारे पुष्कळ चालले. 'डॅड्स आर्मी' (१९६८ ते १९७७, ८० भाग) घ्या. युद्धकाळात गावरक्षक दलात भरती झालेले थकलेभागलेले लोक. त्यातला अर्नल्ड रिडली खराच पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत जबर जखमी झालेला होता. पण तिथं म्हाताऱ्यांना युद्ध होतं, बंदूक होती, हिटलर होता. 'समर वाइन'मध्ये टेकडी होती आणि चाकांचा बाथटब होता. थोडक्यात, म्हाताऱ्यांच्या हाताला काहीतरी काम होतं. पुरुषांची मैत्री ही बहुधा समोरासमोर बसून होत नाही, खांद्याला खांदा लावून तिसऱ्याच कशाकडे तरी पाहत होते. ते तिसरं काढून घ्या, दोघांना एका सोफ्यावर बसवा, दार लावा. काय उरतं? 'द ओल्ड गाइज' उरते.

बायकांचं तसं नसतं. अमेरिकेत 'द गोल्डन गर्ल्स' (१९८५ ते १९९२) या मालिकेत चार प्रौढ बायका एकाच घरात राहतात, रात्री स्वयंपाकघरात चीजकेक खात बसतात आणि नवरे, मुलं, आजार, मरण, सगळं एकमेकींना सांगतात. १८० भाग झाले. घर तेच, सोफाही तसाच; पण त्या बोलतात.

आपल्याकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आपला विनोदातला म्हातारा बहुतेक कुटुंबात असतो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आपण गोव्यात केबलवर अल्फा मराठीला किती प्रेमानं पाहत होतो! २००१ ते २००५. दिलीप प्रभावळकरांचे आबा कोण विसरेल? पण आबा म्हणजे आधी आजोबा, सासरे, बाप. मित्र म्हणून आबा कसे, हे त्या घराच्या मानानं दुय्यम. पुलंच्या अंतू बर्व्याभोवती रत्नागिरीच्या आळीतल्या म्हाताऱ्यांची कंपनी आहे खरी, आणि त्या कंपनीचं बोलणं म्हणजे तिरकसपणाचा कळस. पण तिथंही हसता हसता शेवटी आपण एकट्या म्हाताऱ्याकडेच पाहत राहतो.

आणि 'शौकीन'? १९८२ चा बासू चटर्जींचा सिनेमा. अशोक कुमार, उत्पल दत्त आणि ए. के. हंगल हे तीन वयस्क मित्र ड्रायव्हरला घेऊन मजा मारायला निघतात आणि येतात कुठं, तर आपल्या गोव्यात! (उत्पल दत्त तेव्हा जेमतेम पन्नाशी ओलांडलेले होते, पण ते असो.) समरेश बसूंच्या कथेवरचा हा सिनेमा. म्हाताऱ्यांनाही इच्छा असतात, हे त्यानं लाजतलाजत का होईना सांगितलं. पण ते सांगायला त्यांना घराबाहेर काढावं लागलं, आणि गोवा हे 'घराबाहेर'चं दुसरं नाव ठरलं. गोंयकार म्हणून मला याचा थोडा राग आहे. आमचे म्हातारे मजा मारायला कुठं जायचे? असो. 'द ओल्ड गाइज'मधल्या टॉम आणि रॉयच्या नशिबी तेवढाही प्रवास नव्हता. त्यांची सॅली समोरच्याच दारात. रोज दिसणार, रोज फजिती होणार, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच सोफ्यावर दोघे एकमेकांना दिसणार.

मालिका पाहताना मला सारखे आठवत होते ते माझे बाबा आणि त्यांचे मित्र. नाव सांगत नाही, आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. दोघेही निवृत्त मास्तर. रोज संध्याकाळी पाचला भाऊ आमच्या सोप्यावर येऊन बसत. आई चहा ठेवी. बाबा पेपर वाचत, भाऊ रस्ता बघत. पोदेर गेला, की भाऊ म्हणत, "आज उशीर झाला याला." बाबा हूं म्हणत. सात वाजले की भाऊ उठत, काठी घेत आणि जात. वीस वर्षं हेच. मग भाऊंच्या मुलानं त्यांना पुण्याला नेलं. महिना गेला, दोन महिने गेले, बाबांनी एकदाही फोन केला नाही. मला वाटलं काही बिनसलं असेल. शेवटी मी विचारलंच. बाबा म्हणाले, "फोनार कितें उलोवपाचें? हांगा तरी तो खंय उलयतालो?" फोनवर काय बोलायचं, इथं तरी तो कुठं बोलत होता? पण पाच वाजले की ते पेपर खाली ठेवून रस्त्याकडे बघत बसत. भाऊ करायचे ते काम आता त्यांच्याकडे आलं होतं.

या दोघांवर मालिका काढायची तर काय दाखवाल? तिथंच सगळी अडचण आहे.

'द ओल्ड गाइज' निर्माण केली सॅम बेन आणि जेसी आर्मस्ट्राँग या जोडीनं. दोघेही तेव्हा अजून चाळिशीला टेकायचे होते. त्याआधी २००३ पासून चॅनल फोरवर त्यांची 'पीप शो' गाजत होती (ती पुढं २०१५ पर्यंत चालली). तीही एका घरात राहणाऱ्या दोन पुरुषांची, पण तरुण. 'पीप शो'ची युक्ती अशी की कॅमेरा पात्रांच्या डोळ्यांतून बघतो आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला ऐकू येतं. तोंडानं एक बोलतात, मनात भलतंच. हशा त्या फटीतून येतो. आता हीच दोन माणसं म्हातारी झाली तर, असा विचार करून पाहा. साधारण तीच 'द ओल्ड गाइज'. फक्त मनातला आवाज काढून टाकलेला, आणि समोर प्रेक्षक बसवून ग्लासगोच्या स्टुडिओत चित्रण केलेलं. प्रेक्षक दर पंधरा सेकंदांनी हसायला हवेत. म्हणजे ज्या वयात माणूस सगळ्यांत कमी बोलतो आणि मनात सगळ्यांत जास्त घोळवतो, त्या वयाच्या माणसांना सतत बोलतं ठेवायचं आणि मनातलं ऐकू येऊ द्यायचं नाही. पंचविशीतल्या पोरांना जी सोय दिली ती सत्तरीतल्यांना नाकारली! मला विचाराल तर मालिका इथं फसली. नटांचा काही दोष नाही. उलट, दोघे नुसते शेजारी बसलेले असतात आणि कुणाचंच वाक्य नसतं, ते दोन-तीन सेकंद सगळ्यांत चांगले आहेत. क्लाइव्ह स्विफ्टनं आयुष्यभर गप्प बसण्याचीच तर कमाई केली होती.

आणखी एक गोष्ट तिच्या बाजूनं सांगायला हवी. टीव्हीवरचे म्हातारे पुष्कळदा खोटे असतात. 'डॅड्स आर्मी'तला सर्वांत जख्ख म्हातारा, कॉर्पोरल जोन्स, करणारा क्लाइव्ह डन सुरुवातीला अट्ठेचाळीस वर्षांचा होता. ग्लासगोचीच 'स्टिल गेम' ही दोन म्हाताऱ्या मित्रांची गाजलेली मालिका २००२ साली सुरू झाली तेव्हा त्यातले दोघे नट तिशी-चाळिशीतले होते, केस पांढरे करून. पांढऱ्या विगाखालचं तरुण शरीर कितीही वाकलं तरी आपल्याला मनातून ठाऊक असतं की हा पॅकअप झाल्यावर सरळ उभा राहणार आहे. टॉम आणि रॉय सोफ्यावरून उठताना जे कष्ट घेतात ते त्यांच्याच गुडघ्यांचे होते. त्यामुळे हसू जरा अडकतं. बीबीसीला शनिवारी रात्री ते अडकलेलं हसू नको असावं.

जेसी आर्मस्ट्राँगनं पुढं काय केलं ते सर्वांना माहीत आहे. २०१८ ते २०२३ या काळात त्याची 'सक्सेशन' जगभर गाजली. मध्यभागी पुन्हा एक म्हातारा, लोगन, आणि आडनाव 'रॉय'. अब्जाधीश, चार मुलं, विमानं, वाड्यांवर वाडे. आणि चौथ्या पर्वाच्या पहिल्याच भागात, स्वतःच्या वाढदिवसाची मेजवानी सोडून हा म्हातारा बाहेर पडतो, एका साध्या खानावळीत जाऊन बसतो आणि आपल्या अंगरक्षकाला सांगतो की तूच माझा सगळ्यांत जवळचा दोस्त. पगारी माणूस. तो बिचारा काय बोलणार? तो प्रसंग पाहताना मला तो ग्लासगोचा सोफा आठवला. टॉमला निदान कुरकुर ऐकवायला रॉय होता.

रॉजर लॉइड-पॅक १५ जानेवारी २०१४ रोजी गेला, सत्तरीला तीन-साडेतीन आठवडे उरले असताना. क्लाइव्ह स्विफ्ट १ फेब्रुवारी २०१९ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी.

'समर वाइन'चं शेवटी काय झालं तेही सांगून टाकतो. कॉम्पो करणारा बिल ओवेन १९९९ च्या जुलैत वारला. क्लार्कनं कॉम्पोलाही मरू दिलं आणि २००० साली मालिकेतच त्याची अंत्ययात्रा काढली. होमफर्थजवळच्या अपरथाँग गावच्या दफनभूमीत ओवेनला पुरलं होतं. पीटर सॅलिस २०१७ च्या जूनमध्ये शहाण्णवाव्या वर्षी गेला, त्यालाही तिथंच, ओवेनच्या शेजारी पुरलं. दोघे खरे होमफर्थचे नव्हेतच, लंडनकडचे. कामासाठी गेले आणि तिथलेच झाले.

पण त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त लागली. सॅलिस सगळ्या २९५ भागांत आहे. शेवटच्या पर्वांत तो नव्वदीला टेकला होता, आणि त्याच्या जोडीचा फ्रँक थॉर्नटनही. त्या वयाच्या माणसांना उघड्यावर, डोंगरावर चित्रणासाठी नेण्याचा विमा मिळेना. म्हणून ज्या क्लेगनं सदतीस वर्षं टेकड्यांवर काढली त्याचे प्रसंग घरातच चित्रित करू लागले. टेकडीवर त्याच्याऐवजी जरा कमी म्हातारे पाठवले. म्हणजे शेवटी ती मालिकाही सोफ्यावरच आली म्हणायची.

शेवटच्या भागातलं शेवटचं वाक्य क्लेगच्याच तोंडी आहे. काही मोठं नाही. घराबाहेर पडल्यावर त्याला शंका येते की आपण दाराला कुलूप लावलं की नाही.